गड उतरल्यावरचे दोन दिवस: रसाळवाडी ते खेड ते घर

महिपतगड, सुमारगड आणि रसाळगड हे तीन किल्ले रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात एकाच डोंगररांगेवर आहेत. तिन्ही एका दमात करायचे तर तीन दिवसांचा शिधा, अंथरूण-पांघरूण आणि पाणी पाठीवर घ्यावं लागतं. त्याची तयारी सगळे नीट करतात. कोणत्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं आहे, पारेश्वराच्या देवळात मुक्काम करायचा की पुढे जायचं, सुमारगडाला दोर लागेल का, सगळं आधी विचारून घेतात. परतीचं मात्र एका वाक्यात उरकलेलं असतं: ‘उतरलो की मिळेल ती गाडी पकडू आणि रात्रीत मुंबई गाठू.’

मीही कित्येक वर्षं हेच केलं. एका डिसेंबरात आम्ही पाच जण रसाळगड उतरून संध्याकाळी सातला आमच्याच गाडीने निघालो. कशेडी ओलांडली, पोलादपूर मागे पडलं, रस्ता सपाट झाला आणि गाडी चालवणाऱ्या मित्राचा डोळा लागला. क्षणभरच, पण डावी चाकं डांबर सोडून खडीवर गेली. त्या खडखडाटाने तोच जागा झाला आणि गाडी सावरली. बाकीचे चौघे गाढ झोपेत होतो. तीन दिवस कड्यांच्या कडेने चालताना जो धोका आला नव्हता तो हमरस्त्यावर आला, तोही घरी पोचायच्या घाईपायी. तेव्हापासून मी परतीचा एक मुक्काम आखणीतच धरतो. उतरल्यावर ती रात्र खेडला, चिपळूणला, जे गाव जवळ असेल तिथे काढायची आणि सकाळी निघायचं. त्यासाठी रजा एक दिवस जास्त लागत असेल तर तेवढी रजा मिळेल तेव्हाच मोहीम ठरवावी.

गडावरची शेवटची संध्याकाळ

परतीची सुरुवात इथून होते. रसाळगडावर झोलाईच्या देवळात मुक्काम असेल तर जेवण झाल्यावर, अंथरुणं घालायच्या आधी अर्धा तास काढा. सॅक रिकामी करून पुन्हा भरा. तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत एक कोरा सदरा, एक चड्डी आणि मोज्यांचा एक कोरा जोड असायलाच हवा. हा जोड पहिल्या दिवसापासून राखून ठेवायचा, कितीही मोह झाला तरी काढायचा नाही. बाहेरच्या कप्प्यात सुटे पैसे, ओळखपत्र आणि तिकिटं. फोन बंद करून ठेवा. खाली उतरल्यावर पहिला फोन लागेपर्यंत त्यात बॅटरी हवी.

कचरा मोजून घ्या. तुम्ही आणलेली वेष्टनं तर न्यायचीच, जमलं तर इतरांची चार-दोनही उचला. गॅसचा छोटा डबा उरला असेल तर त्याचं काय करायचं ते इथेच ठरवा. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं कायद्याने गुन्हा आहे. गॅस थोडाच उरलाय म्हणून नियम बदलत नाही. खाली गावात ‘टाका तिकडे’ म्हणून देऊनही चालणार नाही, कारण पाचोळ्याबरोबर तो पेटवला गेला तर फुटतो. शेवटच्या रात्री आणि सकाळी चहा-पाण्याला वापरून तो पूर्ण रिकामा करणं आणि स्वतःच्या गाडीने परत नेणं, हा सरळ उपाय. गाडी नसेल तर मी डबा नेतच नाही, लाकडाची किंवा गावात जेवणाची सोय बघतो.

उतरताना

सकाळी सातच्या आत निघा. आदल्या दिवशीच्या थकव्याने उशिरा उठायची इच्छा होते, पण ऊन चढलं की कोकणातली दमट हवा अंगातलं पाणी झपाट्याने काढते. नोव्हेंबर-डिसेंबरात पायवाटेवरचं गवत वाळून आडवं झालेलं असतं आणि मुरमावर ते साबणासारखं निसटतं. घसरण्याचे प्रकार बहुतेक शेवटच्या तासात होतात. गावातली कौलं दिसायला लागतात, गप्पा सुरू होतात आणि पायाकडे लक्ष राहत नाही.

उतरायच्या आधी बुटाच्या नाड्या घोट्यापाशी आवळून बांधा, म्हणजे पाय पुढे सरकून नखं टोकाला आपटणार नाहीत. नखं घरून निघतानाच कापलेली असावीत. पावलं लहान टाका, गुडघा पूर्ण ताठ करू नका. काठी असेल तर उतारावर ती थोडी लांब धरा. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, लागली की हायसं वाटतं, पण शेवाळ धरलेला जांभा वाळल्यासारखा दिसला तरी सावलीत ओलाच असतो.

पहिलं घर

वाडीत पोचल्यावर थेट रस्त्याकडे धावू नका. एखाद्या पडवीत परवानगी मागून टेका. रसाळगडाच्या पायथ्याच्या रसाळवाडीत एका आजींनी आम्हाला हाक मारून बसवलं होतं. ‘बस रे बाला, पानी पी आदी,’ म्हणाल्या आणि पितळी तांब्या पुढे केला. मी एका दमात संपवायला गेलो तर हात धरला आणि गुळाचा खडा दिला. आधी गूळ, मग घोट-घोट पाणी. शरीराला नेमकं हेच हवं असतं. नुसतं लिटरभर पाणी ढोसलं तर पोट डचमळतं आणि घामातून गेलेलं मीठही भरून येत नाही.

बूट-मोजे काढून पाय मोकळे करा आणि अंग तपासा. गोचीड लागते ती काखेत, जांघेत, गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, कानामागे. एकमेकांची पाठ बघा. गोचीड चिकटलेली दिसली तर चिमट्याने कातडीला लागून धरायची आणि सरळ, सावकाश वर ओढायची. काडीने चटका देणं, रॉकेल किंवा तेल ओतणं टाळा, त्याने ती आपल्या पोटातलं कातडीत सोडण्याची भीती वाढते. मग साबणाने धुऊन जंतुनाशक लावा. पावसाळ्यात जळवा असतात. जळू पडल्यावर रक्त बराच वेळ येत राहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. साबणाने धुवा, कापडाने दाबून धरा, थांबतं.

खाजकुइली लागली असेल तर चोळायचं अजिबात नाही. हिवाळ्यात शेंगा वाळल्या की त्यांची सोनेरी लव वाऱ्याने उडून बाह्यांवर बसते. चिकटपट्टी असेल तर कातडीवर दाबून उचला, लव पट्टीबरोबर निघते. मगच पाण्याने धुवा. ते कपडे वेगळ्या पिशवीत बांधा, नाहीतर सॅकमधलं सगळं खाजवत राहील.

आता पैशांचं. या घरांत पाणी, चहा, कधी भाकरी मिळते आणि ‘किती द्यायचे’ विचारलं की उत्तर येतं, ‘राहू द्या, तुम्ही काय रोज येताव?’ हा त्यांचा मोठेपणा. तो ऐकून पैसे खिशात ठेवून निघू नका. शहरात तेवढ्या जेवणाला जे दिलं असतं ते घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या हातात द्या, ‘मुलांना खाऊ’ म्हणून दिलं तर घेतात. उरलेला डाळ-तांदूळ, न फोडलेला चहा-साखरेचा पुडा ठेवायचा असेल तर विचारून ठेवा. अर्धवट फोडलेली पाकिटं आणि कचरा त्यांच्या दारात टाकून जाऊ नका.

निघण्यापूर्वी फोटो काढले असतील तर घराचा पूर्ण पत्ता वहीत लिहून घ्या: घरातल्या माणसाचं नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड. कशाला ते पुढे सांगतो.

पहिला फोन

जिथे रेंज येईल तिथे पहिला निरोप त्याच माणसाला, ज्याला तुम्ही ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर शोध घे’ असं सांगून गेला होतात. हा निरोप विसरल्यामुळे रात्रभर घरच्यांची झोप उडालेली आणि शोधपथकांना फोन गेलेले मी पाहिले आहेत. ‘सगळे सुखरूप उतरलो, आज खेडला मुक्काम, उद्या निघतो’ एवढं पुरेसं आहे. कचेरीचे निरोप उघडू नका. ते उद्याही तिथेच असतील, आणि आज तुम्ही त्यांना जे उत्तर द्याल ते थकलेल्या डोक्याचं असेल.

वाडीतून गावात

एस.टी.ची वेळ वाडीत दोघा-तिघांना वेगवेगळं विचारा. इंटरनेटवर दिसणारी वेळ आणि वाडीतली खरी वेळ यांत फरक पडतो. आडगावांत रात्री येऊन तिथेच थांबणारी आणि पहाटे सुटणारी वस्तीची गाडी असते. दुपारची चुकली तर तिचा आधार. दिवसातून मोजक्याच फेऱ्या असल्यामुळे एक गाडी चुकली तर चार-पाच तास जातात, तेव्हा रिक्षा किंवा वडाप (भाड्याची जीप) ठरवावी लागते. भाडं बसायच्या आधी बोलून घ्या. शिमगा, गणपती आणि मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, त्या दिवसांत वाहन आधीच सांगून ठेवलेलं बरं.

एस.टी.त चढण्याआधी बूट आपटून माती झाडा, सॅक सीटवर ठेवू नका. महिलांना २०२३च्या मार्चपासून एस.टी.त अर्धं तिकीट आहे. ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५च्या वर पूर्ण मोफत, त्याला वयाचा पुरावा मात्र हवा. आमच्या गटात सत्तरीचे दोघे नेहमी असतात, म्हणून हे सांगितलं.

खेडमध्ये आल्यावर

इथे क्रम महत्त्वाचा आहे: आधी खोली, मग अंघोळ, मग हलकं जेवण, मग औषधाचं दुकान, मग झोप. थेट खानावळीत शिरलात तर पुढचं सगळं रेंगाळतं. भरणे नाक्याला हमरस्त्यावर राहायची सोय होते, गावात एस.टी. स्टँडच्या आसपासही. रेल्वे स्टेशन गावाबाहेर आहे, हे सकाळच्या गाडीचा हिशेब करताना लक्षात ठेवा.

खेडला गरम पाण्याचं कुंड आहे. तीन दिवसांनी गरम पाणी अंगावर घ्यावं असं कोणालाही वाटेल. पायाला फुटलेले फोड किंवा उघड्या जखमा असतील तर सार्वजनिक कुंडात पाय घालू नका, तुमच्यासाठी आणि इतरांसाठीही. अंगात पाणी कमी असताना गरम पाण्यात बसल्यावर एकदम उठलात तर चक्कर येते. आधी लिटरभर पेय पोटात जाऊ द्या, तासभर थांबा, मग जा. गुडघा किंवा घोटा सुजला असेल तर पहिले दोन दिवस त्याला गरम शेक नको, थंड पाण्याची पट्टी ठेवा.

पेय म्हणजे काय ते सांगतो. औषधाच्या दुकानात जलसंजीवनीचं पाकीट मिळतं, ते त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात पूर्ण विरघळवून प्या. घरगुती माप असं: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. लघवी पिवळी-गडद असेल तोवर पीत राहा, फिकट झाली की समजा भरपाई झाली. मीठ घातलेलं कोकम सरबतही छान लागतं.

पहिलं जेवण पेज, मऊ भात, वरण, असलं तर कुळथाचं पिठलं. तीन दिवस मॅगी आणि सुक्या खाऊवर काढलेल्या पोटात तेलकट रस्सा आणि तळलेले मासे ओतले की रात्र खराब जाते. सुरमईचं ताट रात्रीला ठेवा, चार तासांनी तुम्हाला त्याची खरी चव कळेल. दारू त्या रात्री नकोच, शरीरातलं उरलंसुरलं पाणीही ती काढते. आणि गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला त्रास देऊ शकते. आधी जेवा, भरपूर पाणी प्या, लघवी सुरळीत झाल्यावर गरज वाटली तरच घ्या.

पायाचे फोड: लहान आणि न दुखणारा फोड फोडायचा नाही, वर मऊ पट्टी लावायची. मोठा आणि चालताना दुखणारा असेल तर पाय साबणाने धुऊन, निर्जंतुक सुईने कडेला छोटं भोक पाडायचं, पाणी काढायचं, पण वरची कातडी सोलून काढायची नाही. ती खालच्या नव्या कातडीचं झाकण असते. मधुमेह असेल तर स्वतः सुई लावू नका, दवाखान्यात जा. घासून लाल झालेल्या मांड्यांना खोबरेल तेल पुरतं.

कपडे धुतले तर कोकणात रात्रीत वाळत नाहीत. पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभं राहा, टॉवेल पाणी ओढून घेतो. मग पंख्याखाली टांगा. एवढा उद्योग फक्त सकाळी घालायच्या कपड्यांपुरता करा, बाकीचे पिशवीत बांधून घरी न्या.

सकाळची गाडी

कोकण रेल्वे १९९८च्या जानेवारीपासून पूर्ण मार्गावर धावू लागली. आज मुंबईकडच्या कोकणकन्या आणि तुतारी खेडला मध्यरात्रीच्या सुमारास येतात, म्हणून उतरलेल्या दिवशी त्याच पकडायचा मोह होतो. तो टाळा. मध्यरात्री थंडगार फलाटावर दोन तास गाडीची वाट बघण्यापेक्षा झोप काढून दिवा स्टेशनला जाणारी पॅसेंजर किंवा दुपारनंतरची मांडवी बरी. आरक्षण ६० दिवस आधी खुलतं, मोहिमेची तारीख ठरली की परतीचंही तिकीट काढा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात. जुन्या वेळेवर विसंबू नका.

स्वतःची गाडी असेल तर चालकाने किमान सात तास झोपलेलं असावं, ही अट मी गटात निघण्याआधीच घालतो. शेजारी बसणाऱ्याने जागं राहायचं, दर दोन तासांनी थांबायचं. चालकाची जांभई दुसऱ्यांदा आली की गाडी बाजूला. खिडकी उघडून किंवा गाणी लावून झोप जात नाही, वीस मिनिटं डोळे मिटूनच जाते.

घरी आल्यावरचा पहिला तास

सॅक कोपऱ्यात टेकवून ‘उद्या बघू’ म्हणालात की तंबूला बुरशी लागलीच. दमट हवेत बांधलेला तंबू दोन-तीन दिवसांत काळ्या ठिपक्यांनी भरतो आणि ते डाग निघत नाहीत. तंबू सावलीत पसरा, स्लीपिंग बॅग खोलून टांगा आणि नंतर सैल पिशवीत ठेवा, दाबून भरली की तिची ऊब जाते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओले झाले की बदला. कडक उन्हात किंवा गॅसजवळ ठेवले तर तळव्याचा डिंक सुटतो आणि पुढच्या मोहिमेत मधेच तळ उघडतो. हेडटॉर्चमधले सेल काढा. पुढचे दोन-तीन दिवस जिने उतरताना मांड्या ओरडतील, ते साहजिक आहे. तिसऱ्या दिवसानंतरही एकाच गुडघ्यात टोचत असेल तर दाखवा.

पुढचे तीन-चार आठवडे

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगतो. परत आल्यावर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: ‘मी अमक्या तारखेला कोकणात डोंगरात होतो, गवतातून आणि चिखलातून चाललो, गोचीड लागली होती.’ नाहीतर शहरातला डॉक्टर साधा विषाणूताप समजून चार दिवस वाट बघेल. लेप्टोस्पायरोसिस चिखलातल्या, शेतातल्या पाण्यातून पायाच्या जखमांवाटे शरीरात शिरतो. त्यात बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांत ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि डोळे लाल होणं दिसतं. स्क्रब टायफसचे सूक्ष्म किडे झुडपांत असतात, चावलेल्या जागी न दुखणारी काळी खपली धरते. ती कमरेला, काखेत, जांघेत असते, म्हणून ताप आला की कपडे काढून अंग बघा. दोन्हींवर वेळेत औषध मिळालं तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर गाठ जिवाशी असते. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे गेला असाल तर माकडतापाचं नाव सांगा. २०१६मध्ये तिथे त्याचे रुग्ण सापडले होते आणि तो गोचिडीमुळे पसरतो. मनानेच प्रतिजैविकं सुरू करू नका.

आता त्या पत्त्याचं. घरी आल्यावर पहिल्या रविवारी फोटो निवडून छापून आणा. मोबाईलवर पाठवलेला फोटो हरवतो, कागदावरचा माजघराच्या भिंतीवर राहतो. मागे तारीख लिहा, जाड पुठ्ठा घालून स्पीड पोस्टाने पाठवा, नाहीतर पाकीट वळतं. पुढच्या वर्षी मी रसाळवाडीत गेलो तेव्हा आजींच्या पडवीत, देवांच्या तसबिरीखाली, तांब्या हातात धरलेला त्यांचा फोटो खिळ्याला टांगलेला होता. त्यांनी तो उतरवला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला. ‘हा तूच धाडलास ना?’ म्हणाल्या आणि गुळाचा डबा शोधायला आत गेल्या.